कुत्र्या-मुंगसाच्या तोंडातून वाचलेली कोंबडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरामागे पाच-दहा गावरान कोंबड्या बाळगणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. मी कोकणात राहते, कोंबड्या लहानपणापासून सांभाळते, पण मी पशुवैद्य नाही. चार वर्षांपूर्वी श्रावणात, भर दुपारी, आमच्या तांबडीची मान मुंगसाने धरली. ओरडा ऐकून मी धावले, तोवर त्याने तिला कुंपणाच्या भोकापर्यंत फरफटत नेलं होतं. ती वाचली. तिच्या वेळी काय चुकलं आणि कशाचा उपयोग झाला, ते पुढच्या उत्तरांत जागोजागी येईल. जखमी कोंबडीला पहिल्या दिवशी औषधापेक्षा ऊब, अंधार आणि शांतता जास्त लागते, हे मी तिच्याकडूनच शिकले.

कोंबडी आत्ताच हाती लागली आहे. सगळ्यात आधी काय करू?

रक्त वाहत असेल तर ते थांबवा. स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर ठेवून पाच मिनिटं दाबून धरा. थांबलं का बघायला मध्येच कापड उचलू नका, धरलेली गुठळी सुटते. नखाच्या टोकातून रक्त येत असेल तर मक्याचं पीठ किंवा मैदा चिमटीने दाबला तरी भागतं.

मग तिला जुन्या टॉवेलात सैल गुंडाळा आणि घरात आणा. सैल म्हणजे खरंच सैल. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, तिच्या छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत-बाहेर होते. घाबरलेल्या कोंबडीला आपण छातीशी घट्ट धरतो, आणि त्यातच तिचा श्वास कोंडतो. उताणी तर अजिबात धरू नका.

ती डोळे मिटून पडली आहे, पाय गार लागतात. मरते आहे का?

असेलच असं नाही. हा धक्का आहे. तुरा फिका पडतो, मान खांद्यात जाते, हाक मारली तरी ती डोळा उघडत नाही. जखम लहान असूनही कोंबड्या याच अवस्थेत जातात, म्हणून पहिले दोन-तीन तास फक्त यावर लक्ष द्या.

कोंबडीच्या अंगाचं तापमान एरवीच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असतं, त्यामुळे आपल्या हाताला जे कोमट लागतं ते तिला गारच असतं. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, तळाला जुनं कापड घाला (वर्तमानपत्रावर पाय घसरतात), आणि एका कोपऱ्यावर जुन्या पद्धतीचा ४० वॉटचा पिवळा बल्ब सोडा. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. ऊब एकाच कोपऱ्यात हवी, म्हणजे नको वाटलं तर ती सरकू शकते. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. चोच उघडून धापा टाकायला लागली, पंख अंगापासून दूर धरले, तर जास्त गरम झालं असं समजा.

खोक्यावर मच्छरदाणीचा तुकडा टाका. माशांबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, पण मच्छरदाणी पहिल्या मिनिटापासून हवी. मुलांना, शेजाऱ्यांना, घरच्या मांजराला त्या खोलीत येऊ देऊ नका.

जखम दिसत नाही, फक्त थोडी पिसं गेली आहेत. मग काळजीचं कारण नाही ना?

आहे. इथेच माझी सगळ्यात मोठी चूक झाली. तांबडीच्या मानेवरची जखम मोठी होती, तीच मी पाहिली, धुतली, आणि बाकी अंग ठीक आहे असं धरून चालले. तिसऱ्या दिवशी खोक्यातून कुजकट वास आला. डाव्या पंखाखाली तुरीच्या दाण्याएवढं भोक होतं, वरून पिसांची चटई बसली होती.

मुंगूस, मांजर, रानमांजर यांचे सुळे बारीक असतात. वर टाचणी टोचल्यासारखी खूण, आणि आत खोल खड्डा. कुत्र्याने धरून झटकलं असेल तर कातडी आतून मांसापासून सुटते आणि वरून धड दिसते. म्हणून ती सावरल्यावर, त्याच दिवशी, चांगल्या उजेडात सगळं अंग तपासा. पिसांवर हळूच फुंकर मारा. पिसं दुभंगतात आणि कातडी दिसते. चोचीकडून शेपटीकडे जा: तुऱ्याची मुळं, कानामागे, मान, दोन्ही पंखांखाली, पाठ, शेपटीचा बुंधा, गुदद्वाराभोवती, मांड्यांच्या आतून. रक्ताने चिकटलेली पिसं उपटू नका, कात्रीने कापा.

तपासताना दोन गोष्टी आढळल्या तर घरी उपाय करत बसू नका. एक, कातडीखाली हवा भरून फुगा आला आणि दाबल्यावर चुरचुर लागली, तर आतली हवेची पिशवी फाटली आहे. दोन, प्यायलेलं पाणी किंवा दाणे छातीवरच्या जखमेतून बाहेर आले, तर गळ्याखालची दाण्याची पिशवी फाटली आहे. दुसरी अवस्था बघायला भयंकर असते, पण वेळेवर टाके पडले तर ही पिशवी चांगली भरून येते. त्यामुळे ते दृश्य बघून लगेच आशा सोडू नका.

जखम कशाने धुवायची?

मिठाच्या पाण्याने. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या, त्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ, किंचित कमीच. सुई काढलेल्या २० मिलीच्या सिरिंजने धार मारा. चोळायचं नाही, पाण्याच्या धारेने माती, लाळ, पिसांचे तुकडे निघू द्यायचे. भोकात धार तिरकी मारा, म्हणजे घाण आत ढकलली न जाता बाहेर येते. त्यानंतर बेटाडीनचं द्रावण पाण्यात मिसळून, फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचं करून वापरा. दाट बेटाडीन, डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड हे जंतूंबरोबर नवीन येणारं मांसही जाळतात.

दिवसातून दोन वेळा पुरे. दर तासाला बघण्याचा मोह मलाही होतो. पण प्रत्येक वेळी उचललं की ती नव्याने घाबरते.

हळद लावू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याची माया त्यात दिसते. आमच्या घरातही कापलं की पहिला हात हळदीच्या डब्याकडे जातो. वरच्यावरच्या खरचटण्यावर चिमूटभर हळदीने बिघडत नाही. पण दाताच्या खोल भोकात हळद दाबली की तिचा वाळून लपका होतो, वर झाकण बसतं आणि आत जंतू वाढतात. तांबडीच्या मानेवर आमच्या सासूबाईंनी मायेने हळद-तेल थापलं होतं. दुसऱ्या दिवशी तो थर मिठाच्या पाण्यात भिजवून काढायला मला पाऊण तास लागला, आणि ते दुखणं तिला उगाच सोसावं लागलं.

मध लावणं त्यापेक्षा बरं. मध जखम ओली ठेवतो आणि जंतूंना वाढू देत नाही. मात्र खोक्याच्या पायाशी मुंग्यांसाठी पाण्याची वाटी किंवा खडूची रेघ हवी.

रॉकेल, चुना, गाडीचं काळं तेल, डांबरगोळीची पूड यांतलं काहीही लावू नका. गुरांच्या जखमेत किडे पडले की टर्पेंटाईन ओततात. सव्वा किलोच्या कोंबडीला तो उपाय सोसत नाही.

घरात माणसांचं मलम आणि दुखण्याची गोळी आहे. दिली तर चालेल?

मलमाची नळी उलटून त्यातले घटक वाचा. नावाच्या शेवटी ‘केन’ येणारी बधिर करणारी औषधं (लिग्नोकेन, बेंझोकेन) पक्ष्यांना थोड्या जादा प्रमाणातही विषारी ठरतात. आपल्याकडे खाजेवरची कितीतरी मलमं स्टिरॉइड मिसळलेली असतात. तीही नकोत, त्यांनी जखम भरणं लांबतं आणि जंतुसंसर्ग वाढतो. साधं पोव्हिडोन आयोडीनचं (बेटाडीनचं) मलम बोटाने पातळ लावा. जाड थर दिला तर पिसं तेलकट होतात आणि ऊब धरत नाहीत.

गोळी मनाने देऊ नका. डायक्लोफेनॅक हे दुखण्याचं औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि ती लाखोंनी मेली, आणि म्हणूनच २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. पक्ष्याच्या शरीराचा हिशेब आपल्यापेक्षा इतका वेगळा असतो. कोंबडीला दुखतं, भरपूर दुखतं, फक्त ती दाखवत नाही. म्हणून डॉक्टरांकडे दुखण्याचं औषध आपण होऊन मागा. पक्ष्यांसाठी बहुतेक वेळा मेलॉक्सिकॅम वापरतात, वजनावर मात्रा ठरवून. त्यासाठी नेण्याआधी घरच्या काट्यावर कोंबडीचं वजन करून ठेवा.

अँटिबायोटिक लागतंच का?

चावा असेल तर बहुतेक वेळा हो. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात, आणि त्यांच्यामुळे वरून बारीक दिसणारी जखमही दोन दिवसांत कोंबडीला घेऊन जाते. पण औषध कोणतं, किती, किती दिवस, हे पशुवैद्यच सांगतील. मागच्या वर्षी आणलेली उरलेली पुडी पाण्यात मिसळून देणं हा उपाय नाही. कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास पडणारं कोलिस्टिन हे अँटिबायोटिक २०१९ मध्ये सरकारने बंद केलं ते याचसाठी: कोंबड्यांना वाटेल तशी दिलेली औषधं पुढे माणसांवर चालेनाशी होतात.

टाके घालायला हवेत का? कातडी लोंबते आहे.

दाताची जखम झाकून शिवली तर घाण आत राहते, म्हणून डॉक्टर ती बऱ्याचदा उघडीच ठेवतात. कोंबडीची कातडी भरून येण्याची ताकद विलक्षण असते. तांबडीच्या मानेवर आगपेटीएवढा भाग उघडा पडला होता, मांस दिसत होतं. आठव्या दिवशी कडेने गुलाबी दाणेदार मांस आलं, पाचव्या आठवड्यात तिथे लव फुटली. तेवढा काळ जखम कोरडी खडखडीत होऊ द्यायची नाही, मलमाचा हलका हात फिरवत राहायचा.

तिसऱ्या दिवशी कातडी हिरवी दिसायला लागली. सडली का?

घाबरू नका. आपल्याला मार लागला की आधी काळंनिळं होतं, कोंबडीचं लवकरच हिरवं होतं. साकळलेलं रक्त पक्ष्यांमध्ये हिरव्या रंगद्रव्यात बदलतं. हिरवी पण ऊबदार, बिनवासाची कातडी म्हणजे मुका मार. काळी, गार आणि वास येणारी म्हणजे सडलेली. ती त्याच दिवशी दाखवा.

पू येत नाही, पण आत पिवळं चीजसारखं काहीतरी घट्ट आहे.

तोच पू. कोंबडीचा पू वाहत नाही, पनीरासारखा घट्ट होतो. आपोआप निचरा होत नाही म्हणून तो काढावा लागतो. कडेचा सहज सुटणारा तुकडा भिजवून निघाला तर काढा, खोल असेल तर डॉक्टरांवर सोडा.

जखमेत अळ्या दिसल्या. आता?

पावसाळ्यात आणि आंब्याच्या दिवसांत ही भीती सगळ्यात मोठी. हिरवी चमकदार माशी ओल्या जखमेवर पांढरी, तांदळाच्या कणीसारखी अंडी घालते आणि उबेत एका दिवसाच्या आत त्यांच्या अळ्या होतात. पंखाखाली मी जो वास ओळखला तो याचाच होता.

कपाळाला बॅटरी लावली, आणि नवऱ्याने तांबडीला टॉवेलात धरलं. कोमट मिठाच्या पाण्याची धार मारली की अळ्या श्वास घ्यायला वर येतात. तेव्हा चिमट्याने एकेक उचलून साबणाच्या पाण्यात टाकायची. पाच मिनिटं थांबायचं, पुन्हा धार. पहिल्या बैठकीत त्रेचाळीस निघाल्या, संध्याकाळी आणखी अकरा. एकदा साफ केलं म्हणून निर्धास्त राहू नका, आत लपलेल्या असतातच. आयव्हरमेक्टिन हे किडे मारणारं औषध लागेल का हे डॉक्टरांना विचारा, गुरांसाठी आणलेलं मनाने टोचू नका. शेपटीखालची पिसं विष्ठेने बरबटली असतील तर तीही कापून धुवा, माशी आधी तिथेच बसते.

ती काही खात-पीत नाही.

आधी पाणी, मग खाणं. पहिले एक-दोन दिवस इलेक्ट्रॉलचं पाणी, तेही नसेल तर किंचित गूळ घातलेलं कोमट पाणी. चोच उघडून आत पाणी ओतू नका. कोंबडीच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं, ओतलेलं पाणी सरळ तिकडे जातं. चोचीच्या बाजूला एक थेंब लावा, ती आपण होऊन जीभ हलवून गिळेल. मग दुसरा थेंब.

खाण्यात उकडलेल्या अंड्याचा चुरा सगळ्यात चांगला. विचित्र वाटेल, पण कातडी आणि पिसं घडवायला लागणारी प्रथिनं अंड्यातच भरपूर असतात. शिवाय भिजवलेलं खाद्य, मऊ शिजवलेली नाचणी. तांबडीने दीड दिवस कशालाच तोंड लावलं नाही. मग मी ताटलीत बोटाने टकटक केलं, कोंबडी पिल्लांना बोलावताना करते तसं, आणि तिने पहिला कण उचलला.

रात्री झोपताना गळ्याखालची पिशवी चाचपा. भरलेली लागली तर ती जेवली, आणि सकाळपर्यंत ती रिकामी व्हायला हवी. हिरवीगार पातळ विष्ठा म्हणजे पोटात अन्न गेलेलं नाही.

हल्ल्यानंतर मान वाकडी झाली. मानमोडी तर नाही?

मान धरून झटकलं असेल तर मज्जातंतूंना मार बसून मान वळते. अंधारात ठेवलं, हाताने भरवलं, तर आठवड्या-दोन आठवड्यांत कित्येकदा सरळ होते. मानमोडी म्हणजे राणीखेत. त्यात मार नसतो, आणि घरघर, हिरवी हगवण अशी लक्षणं एकापाठोपाठ इतर कोंबड्यांतही दिसतात. तसं असेल तर लगेच दवाखान्यात कळवा.

पाय किंवा पंख मोडला तर?

पंख नेहमीसारखा मिटून अंगाला लावा आणि मऊ पट्टीने अंगाभोवती बांधा, पण छातीवर आवळू नका. दोन बोटं आत जायला हवीत. पायाची नळी मोडली असेल तर आइस्क्रीमची काडी, कापूस आणि चिकटपट्टीने आधार देता येतो. मांडी मोडली असेल तर घरी जमत नाही. हाड जुळायला तीन आठवड्यांच्या आसपास लागतात.

कोंबडीला कोण डॉक्टर बघतो?

बघतात, विचारा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना श्रेणी १ असेल तर तिथे पशुधन विकास अधिकारी, म्हणजे पदवीधर पशुवैद्य असतात. काही दवाखान्यांत मात्र पदवीधर पशुवैद्याऐवजी पशुधन पर्यवेक्षक भेटतात. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करून चौकशी करा. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे. मुंबई, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत.

तांबडीला घेऊन गेले तेव्हा एका ठिकाणी मला ऐकावं लागलं, “दोन-तीनशेची कोंबडी, कापून टाका.” ते फार लागलं. दुसरीकडे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला वीस मिनिटं दिली. एका नकारावर परतू नका.

सोडवताना कुत्रा मलाच चावला.

कोंबडी राहू द्या, आधी स्वतःकडे बघा. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस सुरू करा. मुंगूस, मांजर, कोल्हा चावला तरी हेच. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग आहे, कोंबडीकडून तो पसरण्याची भीती धरू नका. पण तिच्या पिसांवर चावणाऱ्याची ओली लाळ असते, म्हणून तपासताना हातमोजे घाला.

तिची अंडी, किंवा ती स्वतः, खाण्यात चालेल का?

औषध चालू असताना आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खाऊ नका, खतात पुरा. चावलेली, औषध दिलेली कोंबडी कापून खाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हल्ल्यानंतर काही आठवडे अंडी बंदच होतात, एखादं बिनकवचाचं पडतं. पोट ताणलेलं, पेंग्विनसारखी ताठ उभी राहते असं दिसलं तर अंडं आत फुटलं असण्याची शक्यता आहे, दाखवा.

वाचणार नाही हे कसं ओळखावं?

आतडी फाटून बाहेर आली असतील, पाठीचा कणा मोडून दोन्ही पाय लुळे पडले असतील, किंवा उपचार करूनही तीन-चार दिवस ती काही गिळत नसेल आणि सुकत चालली असेल, तर डॉक्टरांना सांगून तिला शांतपणे जाऊ द्या. हे ठरवताना रडू येतं. येऊ द्या.

परत इतरांत कधी सोडू?

लाल काही दिसलं की कोंबड्या टोचतात, सख्खी बहीण असली तरी. जखमेवर कातडी आणि पिसांची लव आल्याशिवाय नको. मात्र तिला पूर्ण तोडूही नका. आधी आठवडाभर डालग्याखाली, इतरांच्या नजरेसमोर ठेवा. मग अंधार पडल्यावर दांडीवर बाकीच्यांच्या शेजारी बसवा. सकाळी एकत्र उठल्या की भांडण कमी होतं. तरी पहिला दिवस तुम्ही तिथे बसा. तांबडीला दोन टोचा मिळाल्या आणि मग ती नेहमीच्या जागी, कढीपत्त्याखाली, मातीत लोळली.

तो प्राणी परत येईल का?

येतो, आणि बहुधा त्याच वाटेने. आमचं मुंगूस तिसऱ्या दिवशी त्याच भोकाशी उभं होतं. त्याला मारणं किंवा सापळा लावणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि तेही आपलं पोटच भरत असतं. बदल खुराड्यात करायचा. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण कुत्रा ती दातांनी फाडतो. अर्धा इंच भोकांची वेल्डेड जाळी घ्या, खाली एक फूट बाहेरच्या बाजूला वळवून मातीत पुरा आणि वर चिरे ठेवा. मुंगूस कुंपणाला चिकटूनच उकरतं, मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. दाराला नुसती कडी नको, खिट्टीही हवी. आमचं भोक आता चिऱ्याने बुजलं आहे, आणि तांबडी दुपारची नेमकी त्याच चिऱ्यावर चढून बसते.